मिठाचा शेक

प्रविण पडला तेव्हा त्याच्या हातात गणपती होता, आणि त्या गणपतीला साधा ओरखडाही आला नाही. पेणमध्ये ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. कमळाकरशेठच्या कारखान्यात माळ्यावरून मूर्ती उतरवताना शिडी सरकली. अशा वेळी माणूस हातातलं टाकून देतो आणि तुळई धरतो. प्रविणने मूर्ती टाकली नाही. तिला पोटाशी धरून तो पाठीवर पडला, ते नेमका माती मळायच्या दगडी ओट्याच्या धारेवर. मणका गेला. लोक म्हणाले, देवाची करणी बघा, मूर्ती कशी धड राहिली. ती मूर्ती त्याच वर्षी कुणीतरी घरी नेली, दीड दिवस पुजली आणि पाण्यात सोडली. माझा भाचा तेव्हापासून कमरेखाली लुळा आहे.

मी त्याची आत्या. लग्न होऊन रोह्याला आले त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, पण माहेर धरमतरच्या खाडीकाठचं. माझा भाऊ नाथा मिठागरात कामाला होता, त्याची बायको हौसाही तिथेच. हौसा आणि मी लहानपणापासूनच्या. परकर खोचून, डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन आम्ही दोघी बांधावरून एकीमागे एक चालायचो. ती पुढे, मी मागे. चैत्रातल्या दुपारी मिठागर इतकं लखलखायचं की डोळे किलकिले करून फक्त तिच्या टाचांकडे बघत चालावं लागायचं. तिच्या टाचा मला तिच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीच्या आहेत. पुढे ती माझी वहिनी झाली, पण 'वन्सं' अशी हाक तिने कधी मारली नाही. मी तिची 'जनू'च राहिले.

आता तिथे मिठागर नाही. बांध फुटले ते कुणी बांधले नाहीत, आणि वाफ्यांतून तिवरं माजली. नाथाही गेला. राहिले ते हौसाचे हात. मिठात जन्म काढणाऱ्याचे तळहात आणि तळपाय वेगळेच होतात, त्यांची कातडी म्हशीच्या खांद्यासारखी होते. हौसा चुलीवरचं टोप फडक्याशिवाय उतरवायची. नाथा म्हणायचा, "हिला हात नाय, देवाने पकडी दिल्यान." आम्ही पोट धरून हसायचो, आणि ती मुद्दाम निखारा उचलून त्याच्या विडीला लावायची.

आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. कंबर धरली, गुडघा सुजला, बाळंतिणीच्या ओटीपोटात कळ आली, तरी मिठाचा शेक. जाडं मीठ लोखंडी तव्यावर तडतडेपर्यंत तापवायचं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करायची आणि दुखऱ्या जागी धरायची. किती तापलं ते शेक देणारी आपल्या तळहातावर बघते. उरलेलं शेक घेणारा ओरडून सांगतो. "भाजतंय गो!" म्हटलं की उचलायचं, जरा दम धरायचा, पुन्हा ठेवायचं. माझ्या तिन्ही बाळंतपणांत मला हौसानेच शेकलं. मी ओरडत होते, आणि ती म्हणत होती, "वरड, वरड, वरडलीस म्हंजे जीव हाय."

प्रविण तिला उशिरा झाला. तो रांगायला लागला तसा मिठागराच्या ओल्या चिखलात बोटाने डोळे काढायचा. नुसते डोळे. तोंड नाही, नाक नाही. भोपळ्यावर, भिंतीवर, होडीच्या पाठीवर, जिथे बघावं तिथून हे डोळे आपल्याकडे बघत. शाळेत मन लागलं नाही, म्हणून नाथाने त्याला कमळाकरशेठच्या कारखान्यात घातला. पाच वर्षांत तो आखणीला बसला. गणपतीच्या कारखान्यात माती भरणारे वेगळे, अंग रंगवणारे वेगळे, पण डोळ्यांची आखणी करणारा एखाद-दुसराच. त्याच्या कुंचल्याला दुसरा हात लावत नाही. कमळाकरशेठच्या कारखान्यात एक दंडक होता. दोन्ही डोळे एका बैठकीत पुरे करायचे, एक डोळा उघडून उठायचं नाही. चहा आला तरी नाही, बाहेर आग लागली तरी नाही. प्रविणचे गणपती आपण बसलो तिथे आपल्याकडे बघतात, असं घेणारे सांगायचे. मुंबईची माणसं मूर्ती नोंदवताना विचारायची, डोळे प्रविणच करणार ना?

तो पडल्यावर पहिले काही महिने घर माणसांनी भरलेलं असायचं. मग माणसं पांगली. त्याची बायको नम्रता डोलवीला कंपनीच्या कँटीनमध्ये शिफ्टला जायला लागली. सकाळी त्याचं सगळं करायची, लघवीची पिशवी, कूस बदलणं, अंग पुसणं, आणि मग बस धरायची. तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण दुसऱ्या वर्षापासून त्याने जे सुरू केलं, ते तिच्याने सोसवेना.

त्याचे पाय जळायला लागले.

"आत्या," तो मला म्हणाला, "लहानपणी भेगाळल्या पायाने मिठाच्या पाण्यात उभं राह्यल्यावर कशी आग व्हायची, आठवतंय? तशी. पण बाहेर निघता येत नाय."

डॉक्टरांनी पायाला सुई टोचून दाखवली होती, त्याला काही कळलं नव्हतं. मग आता आग कुठून आली? नम्रताला हे पटेना. "सुई टोचलेली कळत नाय आणि आग बरी कळते," ती माझ्यासमोर त्याला म्हणाली. "आणि टीव्हीवर मॅच असली की गप्प असतात. तेवढ्या वेळात कुठे जाते ती आग? क्रिकेट बघायला?"

प्रविणने हातातली ताटली भिंतीवर मारली. ज्या मुलाने पडतानासुद्धा मूर्ती सोडली नाही, त्याने.

माणूस आतून बदलत गेला. आधी मला वाटलं, पडून पडून वैतागला असेल. पण नुसता वैताग नव्हता तो. बोलता बोलता त्याला शब्द सापडेनासे झाले. कुंचल्याला 'ते केसाचं, ते' म्हणायला लागला. चहा प्यायल्यावर पुन्हा विचारायचा, चहा झाला का? बापाचं वर्षश्राद्ध विसरला. झोप नव्हतीच. एखादं वाक्य सुरू करायचा आणि मध्येच त्याचा चेहरा बंद व्हायचा, जसं कुणी आतून कडी लावून घ्यावी. वीज गेल्यासारखं अंग ताठायचं, दात आवळायचे. कळ ओसरली की विचारायचा, "मी काय सांगत होतो?" ते आपल्याला आठवत असे, त्याला नाही.

कमळाकरशेठ माणूस वाईट नव्हे. गेल्या चैत्रात ते स्वतः टेम्पो घेऊन घरी आले. मी तेव्हा तिथेच होते. टेम्पोतून रंगवलेल्या लहान मूर्ती उतरवल्या. अंग, सोंड, पीतांबर सगळं झालेलं, डोळे तेवढे कोरे.

"पव्या," ते म्हणाले, "पाय गेले, हात तर धड हायत ना? बस उठून. पोरं डोळे काढतात ते बघवत नाय. सगळे गणपती झोपेतून उठल्यासारखे दिसतात."

"गिऱ्हाईक विचारतात काय मला?" प्रविणने विचारलं.

"विचारतात म्हंजे? एक बाई म्हनाली, डोळे त्यांचे नसतील तर मूर्ती नको."

ही थाप होती की खरं, देव जाणे. पण प्रविण हसला. किती दिवसांनी हसला. हौसाने त्याच्या पाठीशी उशा लावल्या, मांडीवर पाट ठेवला. शेठ गेल्यावर त्याने मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आत्या, डोळे जमले तर मी हाय. नायतर मी कोन? नुसता पिशवीवाला."

पहिल्या सकाळी त्याने एक मूर्ती पुरी केली. मी दारात बसून बघत होते. श्वास रोखून त्याने वरची पापणी ओढली, एका दमात, मध्ये न थांबता. मग बुबुळ. मग त्यात पांढरा ठिपका, राईएवढा. गणपतीने माझ्याकडे बघितलं. मी पदर डोळ्याला लावला तर हौसा म्हणाली, "रडतंस काय गो? नजर लागंल." आणि तिने भरलेल्या डोळ्यांनीच मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या.

पुढे आम्ही त्याला एकटं सोडलं. कामात असलेल्या माणसाकडे टक लावून बघू नये म्हणून. कमळाकरशेठ मूर्ती न्यायला आले तेव्हा फळीवरचं कापड त्यांनीच काढलं.

त्या फळीवर ओळीने गणपती बसले होते, आणि पहिले थोडे सोडले तर बाकीच्यांना एकच डोळा होता. कुणाचा उजवा, कुणाचा डावा. उघडलेला प्रत्येक डोळा अगदी जिवंत, आणि त्याच्या शेजारी कोरी पांढरी जागा.

मध्येच कळ आली असेल. कळ गेली की आपण कुठे होतो हे त्याला आठवत नसेल, आणि तो नवी मूर्ती उचलत असेल. हे मला आज कळतं. तेव्हा नाही कळलं.

"हे काय रे?" शेठचा आवाज चिरकला. "ह्ये काय करून ठेवलंस?"

प्रविणने फळीकडे बघितलं. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी पुन्हा बघू इच्छित नाही. ते एकेकटे डोळे त्यालाही तेव्हाच पहिल्यांदा दिसत होते.

"करतो पुरे," तो म्हणाला. "द्या इकडे. आता करतो."

"एक डोळा उघडून उठायचं नाय, हे तुला कोनी शिकवायचं आता?" शेठ मूर्ती टेम्पोत भरायला लागले. एकेक करून, कापडात गुंडाळून, जणू आजारी पोरं. प्रविण "शेठ, शेठ" म्हणत राहिला. ते थांबले नाहीत. बाहेर नम्रताला म्हणाले, "हात धड हायत गो त्याचे. ध्यान ठिकानावर नाय. काम नकोच हाय त्याला, दुसरं काय नाय."

माझी नात निशिगंधा पनवेलला लुळ्या-पांगळ्यांना व्यायाम देण्याचं शिकली आहे. फिजिओ म्हणतात. मी तिला रविवारी तिकडे घेऊन गेले. तिने प्रविणला तासभर तपासलं, वहीत काही लिहिलं नाही, नुसतं विचारत राहिली आणि ऐकत राहिली. मग ओटीवर सगळ्यांना बसवून तिने आपल्या परीने समजावलं.

"मामाचे पाय खोटं बोलत नाहीत आणि मामाही खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "मणक्यातली दोरी तुटली. पायाकडून मेंदूला बातमी जायची ती बंद झाली. पण मेंदू गप्प बसत नाही. बातमी आली नाही की तो स्वतःच बातमी तयार करतो. आणि एकच बातमी, आग लागली, आग लागली. दिवसरात्र. जो मेंदू आठवायला, लक्ष द्यायला, शब्द शोधायला लागतो, तोच तिकडे बघत बसतो. वर्षानुवर्षं असं झालं की मेंदू बदलतो. म्हणून मामा विसरतो, म्हणून चिडतो. दुखणं पायात नाही, मेंदूत आहे. त्यावर औषधं आहेत, लगेच लागू पडतील असं नाही, पण आपण मोठ्या डॉक्टरकडे नेऊ."

मला कळलं. खाडीचा बांध फुटून खारं पाणी भातात शिरलं की बांध पुन्हा घातला तरी शेत कैक वर्षं पिकत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघितलेलं. पाणी दिसत नाही, मीठ मातीत राहतं. तसंच हे.

पण 'मेंदूत आहे' एवढं एकच त्या ओटीवर उरलं.

"म्हंजे मी म्हनत होते तेच," नम्रता उठत म्हणाली. "मनाचे खेळ."

"मनाचे नाही गं मामी, मेंदूचे," निशिगंधा म्हणाली.

"तेच झालं ना. डोक्यातलंच."

तासाभरात गल्लीत झालं की नाथाच्या पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेजारचा सखा कुंपणावरून हौसाला म्हणाला, "काकू, पायाचं नाय म्हनतात, डोक्याचं हाय. एकदा बाहेरचं बघून घ्या."

हौसा अंगणात भांडी घासत होती. राखेचे हात घेऊन ती उभी राहिली. "तुजं डोकं बघ आधी बाहेरचं," ती म्हणाली. मग आत येऊन माझ्यावर आणि निशिगंधावर उसळली. "माजा लेक येडा नाय! पायात दुखतं म्हनतो तर पायातच दुखतं. तू शिकलीस गो बाय, पन मिठात उभी नाय राह्यलीस. ती आग मना म्हाईत हाय. त्याने सांगितलं तशीच्या तशी हाय. कोनाच्या डोक्यातली आग इतकी खरी असंल?"

निशिगंधाने तिचा हात धरला. "आजी, मी पण तेच सांगतेय, की खरी आहे."

"मग डोक्यात कशाला म्हनतंस?"

याला पोरीकडे उत्तर होतं, पण हौसाला कळेल असं नव्हतं. आम्ही दुपारच्या गाडीने परत फिरलो. कासू स्टेशनच्या पुढे खिडकीतून भातखाचरं पळत होती आणि निशिगंधा म्हणाली, "आजी, मी चुकीचं बोलले का?" मी म्हटलं, "नाही गं. बरोबर बोललीस." जात्याला धरायला खुंटा नसला की दळण काय उपयोगाचं, आणि पोरीच्या बोलण्यात हौसाला धरायला खुंटा नव्हता, एवढं मात्र मनात आलं.

मोठ्या डॉक्टरची वेळ मिळायची होती. त्याआधीच हौसाने आपल्या लेकाचं दुखणं आपल्या हातात घेतलं.

हे मला मागाहून तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, पण गोष्ट एकच. दुपारची वेळ. नम्रता शिफ्टला गेलेली. प्रविण ओरडत होता, उशी चावत होता. हौसाने तवा ठेवला. माळ्यावर तिने आमच्या मिठागरातलं शेवटचं मीठ एका बरणीत जपून ठेवलं होतं, जाडं, करडं, त्याला अजून खाडीचा वास येतो. तेच घातलं. "मिठाने लावलेली आग मीठच काढनार," असं ती म्हणाली. मीठ तडतडलं. लुगड्याच्या फडक्यात बांधलं. तिने तळहातावर धरून बघितलं, आईने शिकवलं होतं तसं, आणि तिच्या हाताला ते बेताचंच लागलं.

तिने पुरचुंड्या त्याच्या तळव्यांना, पोटऱ्यांना लावल्या. वरून गोधडी घातली. आणि शेजारी बसून ती बोलत राहिली. मिठागराचं, नाथाचं, तो चिखलात काढायचा त्या डोळ्यांचं. त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"बरं वाटतंय रे?"

"बरं वाटतंय," तो म्हणाला.

"भाजत नाय ना?"

"नाय. राहू दे, आई. अजून ठेव."

तिने मीठ पुन्हा तापवलं. पुन्हा ठेवलं. तो झोपला. त्या दुपारी तो इतका गाढ झोपला की हौसाने दार लोटून घेतलं आणि अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या, पोराची झोप मोडू नये म्हणून.

नम्रताने रात्रीचं अंग पुसायला गोधडी उचलली. तिच्या किंकाळीने सखा कुंपण ओलांडून आला.

तळव्यांची कातडी फडक्याबरोबर सुटून आली होती.

पेणहून पनवेल, पनवेलहून मुंबई. जखमांत पू झाला, तो हाडापर्यंत गेला. डाव्या पायाचा पंजा कापावा लागला. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, सगळे त्या एका खाटेवर. कारखान्यातले गणपती दुसऱ्याच्या डोळ्यांनी बाहेर पडले, घराघरांत बसले, पाण्यात गेले, तेव्हाही तो तिथेच होता.

मला एका गोष्टीची चीड अजून गेली नाही. त्या वॉर्डात त्याला बघायला सगळं गाव आलं. चार वर्षं ज्यांनी ढोंग म्हटलं ते सगळे. पट्ट्या सोडलेल्या वेळी कुणी जखम बघितली की तोंडावर पदर घ्यायचे. "अरे देवा! किती दुखत असंल रे तुला!" कमळाकरशेठ तर रडले. प्रविण प्रत्येकाला एकच सांगायचा, "हे नाय दुखत. जराही नाय." लोक बाहेर येऊन म्हणायचे, पोराची सहनशक्ती बघा. आणि मग कळ आली, तो पाठ ताणून ओरडला की त्याच बाया एकमेकींना कोपराने ढोसायच्या, "बघ, आता काय झालं याला?"

जी जखम त्याला दुखत नव्हती तिच्यासाठी सगळे रडले.

निशिगंधा दर आठवड्याला जायची. एकदा त्याने तिला विचारलं, "त्या दुपारी आग खरंच विझली होती. पूर्ण. चार वर्षांत पहिल्यांदा. मिठाने विझली काय?"

निशिगंधाने स्टूल त्याच्या उशाशी ओढलं. मग म्हणाली, "मीठ तर तुला कळलंच नाही, मामा. आजी कळली. तिचा आवाज, केसातला हात, मिठाचा वास. तुझ्या मेंदूने तेवढा वेळ आगीवरून डोळा काढला."

"म्हंजे आईनेच विझवली."

"हो."

"आणि आईनेच भाजलं."

निशिगंधाने त्याच्या पायावरची चादर सरळ केली. मी तिथेच स्टुलावर बसले होते. माझ्या मनात आलं, ज्यांनी याचं दुखणं खोटं मानलं त्यांच्यापैकी कुणीही याच्या पायाला हात लावला नसता. एकटीने खरं मानलं, आणि तिच्याच हातून हे झालं. यात न्याय कुठला शोधायचा ते मला सत्तरी उलटूनही कळलेलं नाही.

दिवाळीनंतर त्याला घरी आणलं. परवा मी वालाच्या शेंगा आणि थोडे कडवे वाल घेऊन गेले. रोह्याकडचे वाल हौसाला लागतात, "तुमच्या मातीला चव हाय, आमच्या मातीला नुसतं मीठ," असं ती नेहमी म्हणायची. या वेळी तिने नुसती पिशवी घेतली आणि स्वयंपाकघरात गेली.

प्रविण आतल्या खोलीत. नवीन गोळ्यांनी तो जास्त झोपतो, जीभ जड झाली आहे. नम्रता त्याची कूस बदलत होती. तिने मला दारात गाठलं. "आत्या, आता सांगतात डावा पंजा जळतो. पंजा नाय तिथे." तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "नसलेलं कसं जळतं हो? म्हंजे तेव्हापन खरंच जळत होतं?"

मी म्हटलं, "हो."

ती त्याची लघवीची पिशवी रिकामी करायला गेली. मोरीत पाण्याचा आवाज खूप वेळ येत होता.

"आई येत नाय," प्रविण म्हणाला. मी त्याच्याजवळ बसले होते. "जेवन उंबऱ्यात ठेवते नि जाते. आत पाऊल टाकत नाय. तिला सांग ना, पुरचुंडी घेऊन ये म्हनावं. थंडच आन. निशूने सांगितलंय, थंड चालेल. बसून नुसतं बोल म्हनावं."

माझ्या मनात आलं, आपणच करून बघावं. माळ्यावरची बरणी खाली कपाटात होती, तळाशी थोडं मीठ राहिलेलं. मी फडक्यात बांधलं आणि त्याच्या उजव्या पोटरीवर ठेवलं. केसांतून हात फिरवला. मिठागराच्या गोष्टी मलाही येतात, हौसापेक्षा जास्त येतात. मी सांगत राहिले. त्याने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने कळ आली. त्याचं अंग ताठलं, दात आवळले. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "तुजा हात नाय चालत गो आत्या." आणि ओशाळल्यासारखा हसला.

मी स्वयंपाकघरात गेले. हौसा चुलीपाशी पाटावर बसून घरातले आधीच भिजवलेले वाल सोलत होती. चुलीवर भाताचा टोप रटरटत होता.

"जा गो आत," मी म्हटलं. "पोरगा बोलावतो. थंड मीठ हाय, भाजायचं नाय त्यात काय."

तिने वाल सोलायचे थांबवले. उजवा हात उचलला आणि उकळत्या टोपाच्या अंगाला सपाट लावला. मी ओरडले. तिने हात काढला नाही. माझ्याकडे बघत राहिली. मीच तिचं मनगट धरून हात ओढला. तळहात जरा लाल झाला होता, एवढंच.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मना काय म्हाईत गो जनू, थंड काय नि गरम काय?"

आतून हाक आली. "आई!"

आम्हा दोघींनाही ऐकू आली. हौसाने पाटीतून एक वाल उचलला, अंगठ्याने दाबला, साल बाजूला टाकली. मग दुसरा उचलला.